मृत्यूच्या नावाची कडी

श्रोतेहो, बाभळीचा काटा पायात मोडला आणि तो वेळीच निघाला नाही, म्हणजे जखम चिघळते आणि दोन-तीन दिवसांत जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आले. घरातली जाणती बाई पाय हातात घेऊन पाहते आणि सांगते, "गाठीला काही करू नका. काटा काढा, जखम धुवा, अवधाण आपोआप बसेल." आणि बहुधा तसेच होते. आठ-दहा दिवसांत जखम भरते, गाठ जिरते, आणि आपण ते सारे विसरूनही जातो.

या साध्या गोष्टीत दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, ती गाठ आली कोठून? दुसरा, ती गेली कोठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाला बऱ्याच आधी सापडले. दुसऱ्याचे उत्तर शोधता शोधता विसाव्या शतकाची अखेर आली. आणि ते हाती लागले असे वाटते न वाटते, तोच त्यातून तिसराच प्रश्न उभा राहिला. त्या तिसऱ्या प्रश्नाची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. ती घडली जपान, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा दूरदेशीच्या प्रयोगशाळांत. पण ज्या शरीराची ती हकीकत आहे, ते शरीर तुमचे-आमचेच आहे.

प्रथम गाठ येते कोठून ते पाहू. जांघेत, काखेत, मानेत वाटाण्या-घेवड्याएवढ्या ग्रंथी असतात. त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. गावाच्या वेशीवर जशी चौकी, तशा या शरीराच्या चौक्या. तेथे पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. त्यांतल्या एका जातीला टी-पेशी असे नाव आहे. हे 'टी' अक्षर थायमस या ग्रंथीच्या नावावरून आले. ही ग्रंथी छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. लहानपणी ती मोठी असते आणि वय वाढते तशी आक्रसत जाते.

१९६१ सालापर्यंत या ग्रंथीचा उपयोग काय, हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. तिच्यात असंख्य पेशी मेलेल्या दिसत, म्हणून काही विद्वान तिला पांढऱ्या पेशींचे स्मशानच समजत. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकल्याचा परिणाम प्रसिद्ध केला. ते उंदीर रोगांपुढे दुबळे ठरले होते. इतके, की परक्या उंदराच्या कातडीचे ठिगळ लावले तरी त्यांचे शरीर ते नाकारीना. ज्याला स्मशान म्हटले, ती शाळा निघाली! टी-पेशी तेथेच शिकून तयार होतात. त्या शाळेतली परीक्षा मात्र फार कडक. शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक पेशी तेथेच संपतात. काही कामाच्या नसतात म्हणून, आणि काही उद्या स्वतःच्याच शरीरावर उठतील म्हणून. स्मशान वाटले आणि शाळा निघाली, ही गोष्ट ध्यानात असू द्या. असाच प्रकार आपल्या हकीकतीत पुन्हा एकदा घडणार आहे.

शाळेतून उत्तीर्ण होऊन आलेली प्रत्येक टी-पेशी शत्रूची एकच विशिष्ट खूण ओळखते. ती खूण दिसेपर्यंत ती शांत असते. खूण दिसली की ती जागी होते, आकाराने वाढते आणि विभागू लागते. एकीच्या दोन, दोघींच्या चार, चारांच्या आठ. दिवसातून दोन-तीन वेळा असे दुप्पट होऊ लागले, तर आठवड्याभरात एका पेशीच्या हजारो पेशी होतात. शिक्षकांनी वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. मुले थक्क होतील. चौकीत अशी फौज वाढली, म्हणजे चौकी फुगते. आपले अवधाण येते ते यातूनच.

आता दुसरा प्रश्न. शत्रू हटला, मग या फौजेचे काय झाले? शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बाजरी दाट उगवली तर आपण विरळणी करतो. रोपे वाईट असतात म्हणून ती उपटत नाही. तेवढी सारी राहिली तर कोणालाच वाव मिळणार नाही, म्हणून उपटतो. शरीरही तसेच करते. कामगिरी संपली की या वाढलेल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी मरतात. थोड्या उरतात, त्या आठवणीदाखल. तोच शत्रू पुन्हा आला तर ओळखण्यासाठी. आपल्या लसीकरणाचा सारा पाया या आठवणीवर आहे.

पण ही विरळणी करतो कोण? पेशी मारायला शरीरात कोणी विळा घेऊन फिरत नाही. १९७२ साली जॉन केर, अँड्रयू वायली आणि अ‍ॅलेस्टेअर करी या तिघांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले, की पेशी दोन तऱ्हांनी मरतात. मार बसला, भाजले, विष झाले, की ती सुजते, फुटते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. त्याने शेजारच्या पेशींना दाह होतो. दुसरा मृत्यू शांत असतो. पेशी आकसते, तिचे लहान लहान पुडे बनतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. मागे खूणसुद्धा राहत नाही. या दुसऱ्या मृत्यूला त्यांनी अ‍ॅपॉप्टॉसिस असे ग्रीक नाव दिले. झाडाची पाने गळतात, फुलाच्या पाकळ्या झडतात, तो त्या शब्दाचा अर्थ. आपण त्याला पेशींची पानगळ म्हणू. पान झाडावर शत्रू चालून आला म्हणून गळत नाही. देठाशी झाडच त्याला सोडते. तसेच हे मरण पेशीच्या घडणीतच लिहिलेले असते.

देठाशी सोडा असा हुकूम पेशीला कसा मिळतो, हे १९८९ साली उघड होऊ लागले. टोकियोतील शिन योनेहारा यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत हायडेलबर्ग येथील पेटर क्रामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्वतंत्रपणे असे एक प्रतिद्रव्य तयार केले, की जे काही पेशींच्या पृष्ठभागाला चिकटताच त्या पेशी मरत. हे नवल होते. ते प्रतिद्रव्य विष नव्हते. ते पेशीच्या बाहेरच होते, आत शिरले नव्हते, काही फोडले नव्हते. दाराची कडी वाजवावी आणि आत घरधन्याने प्राण सोडावा, तसा हा प्रकार झाला.

कडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पेशीच्या आवरणावर अशा पुष्कळ कड्या असतात. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात. बाहेरून ठरावीक रेणू येऊन कडी वाजवतो आणि निरोप आत पोचतो. टोकियोच्या शोधात सापडलेल्या कडीला 'फास' असे नाव पडले. आपल्या भाषेत फास म्हणजे गळ्याचा फास. हा निव्वळ योगायोग आहे, बरे का! ज्या मानवी पेशींवर योनेहारांनी प्रयोग केले, त्या पेशींच्या खुणेच्या अक्षरांवरून ते नाव बनले. १९९१ साली ओसाका येथे शिगेकाझु नागाता यांच्या प्रयोगशाळेने फासचे जनुक वेगळे काढले, आणि १९९३ साली ही कडी वाजवणारा रेणूही तेथेच सापडला. अशा साऱ्या कड्यांचे मिळून एक घराणे मानले गेले आणि त्याचे नाव पडले 'मृत्युग्राही', म्हणजे मरणाच्या कड्या.

शोध लागला तेव्हा आशा मोठी होती. कर्करोगाच्या पेशींवर कडी असेल, तर ती वाजवली की झाले! क्रामर यांच्या प्रतिद्रव्याने उंदरात वाढवलेल्या मानवी गाठी वितळल्याही होत्या. पण १९९३ साली नागाता यांच्या गटाने उंदरांना फासविरोधी प्रतिद्रव्य टोचले, तेव्हा काही तासांतच यकृत निकामी होऊन ते मेले. यकृताच्या दारालाही तीच कडी होती. शस्त्र हाती आले होते, पण ते कोठे चालवावे ते माणसाच्या हाती आले नव्हते.

आता अमेरिकेतील मेन संस्थानात, बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी चला. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या जाती पाळून त्यांचे आनुवंशिक दोष अभ्यासले जातात. १९७० च्या दशकात एडविन मर्फी आणि जॉन रॉथ्स यांना तेथे एक विचित्र जात आढळली. या उंदरांच्या लसिका ग्रंथी कशाचेही निमित्त नसताना सुजत, सुजतच राहत. पाणथरी वाढे. पुढे शरीर स्वतःवरच उलटे, मूत्रपिंडे बिघडत आणि उंदीर अकाली मरत. त्या दोषाला 'एलपीआर' अशी अक्षरे मिळाली. पुढे तसाच दुसरा दोष सापडला, त्याला 'जीएलडी' म्हणू लागले. कारण मात्र कळेना.

१९९२ साली नागातांच्या गटाला ते कळले. फासचे जनुक उंदराच्या १९ व्या गुणसूत्रावर आहे, आणि एलपीआर दोषही तेथेच. एलपीआर उंदराच्या दाराला कडीच नव्हती! दोन वर्षांनी जीएलडीचेही कोडे सुटले: तेथे कडी होती, पण वाजवणारा रेणू बिघडलेला होता. घराला कडी नसो की पाहुण्याला हात नसो, परिणाम एकच. निरोप आत पोचत नाही. विरळणी होत नाही. अवधाण आले, ते बसतच नाही.

उंदरांचे सोडा, पण माणसांत असे होते का? १९६७ साली न्यूयॉर्कमधील व्हर्जिनिया कनाल आणि कार्ल स्मिथ या डॉक्टरांनी काही मुलांची हकीकत छापली होती. या मुलांच्या मानेत, काखेत मोठमोठ्या गाठी होत्या, पाणथरी वाढलेली होती. पाहणाऱ्याला तो लसिका ग्रंथींचा कर्करोगच वाटावा. पण तो कर्करोग नव्हता. श्रोतेहो, त्या आईबापांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. पोराच्या गळ्याला गाठी, डॉक्टरांच्या तोंडी कर्करोगाचा संशय, आणि तपासणीत मात्र दिसतात त्या निरोगी जातीच्या पेशी, फक्त संख्येने अफाट. रोगाला नाव होते, पण कारण नव्हते.

कारण १९९५ साली मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील आणि पॅरिसमधील संशोधकांनी अशा मुलांच्या फास जनुकात दोष दाखवून दिला. येथे शिक्षकांसाठी एक सुंदर गणित आहे. प्रत्येक मुलाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून येते. यांपैकी बहुतेक मुलांचे एकच बिघडलेले होते, दुसरे चांगले. मग निदान अर्धे काम तरी व्हावे ना? पण फासच्या कड्या एकेकट्या काम करीत नाहीत; तीन कड्या एकत्र आल्या तरच निरोप जातो. आता तीन नाणी घ्या आणि एकदम उडवा. छाप म्हणजे चांगली कडी, काटा म्हणजे वाईट. तिन्ही छाप पडण्याचा योग आठात एकदाच. म्हणजे अर्धे जनुक चांगले असूनही सारी चांगली त्रिकुटे आठांत एकच! तिघांनी ओढायच्या दोरावर एक जरी आळशी असला, तरी काम कसे बिघडते, त्याचा हा हिशेब आहे.

आज या आजाराचे निदान रक्ताच्या तपासणीने होते, आणि सिरोलिमस नावाचे औषध यातल्या अनेक मुलांना चांगले लागू पडते. हे औषधही गमतीने सापडले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, तो १९६४ साली पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीच्या नमुन्यात होता, आणि ते औषध वेगळे करण्यात सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

असो. तर १९९५ साली चित्र कसे स्वच्छ दिसत होते! मृत्युग्राही म्हणजे विरळणीचा हुकूम. ते असले तर फौज आवरते. नसले तर माजते. या विरळणीत फास एकटा नाही. पेशीच्या आतूनच निघणारा दुसराही मार्ग आहे, बिम नावाच्या प्रथिनाचा, आणि संसर्गानंतरच्या छाटणीत त्याचा वाटा मोठा आहे. पण ढोबळ चित्र हेच. दाराच्या आत काय घडते, तेही कळत चालले होते. कडीच्या आतल्या टोकाला 'फॅड' नावाचे एक प्रथिन येऊन चिकटते. ते १९९५ साली सापडले. अमेरिकेत विश्व दीक्षित यांच्या आणि इस्राएलमध्ये डेव्हिड वॉलाक यांच्या प्रयोगशाळेत. पुढच्याच वर्षी या दोन्ही गटांना फॅडच्या हाताला धरून येणारी कात्रीही सापडली. तिचे नाव कॅस्पेज-८. एरवी ही कात्री मिटलेली असते. फॅडने अशा कात्र्या जवळ जवळ आणल्या, की त्या एकमेकींना उघडतात, पुढच्या कात्र्यांना जागे करतात आणि काही तासांत पेशीची पानगळ होते. १९९७ साली फ्लिप नावाचे तिसरे प्रथिन कळले. ते दिसायला कॅस्पेज-८ सारखेच, पण त्याला धार नाही. ते कात्रीच्या जागी जाऊन बसते आणि कत्तल टाळते. टी-पेशी नुकतीच जागी झालेली असताना तिची कडी वाजवली तरी ती सहसा मरत नाही. काही दिवसांनी तीच पेशी त्याच निरोपाने मरते. ही सवलत मिळण्यात फ्लिपचा हात आहे.

आता आला तो तिसरा प्रश्न. साऱ्या मरणाच्या कड्यांचा मध्यस्थ फॅड. मग फॅडच काढून टाकला तर? उत्तर शाळकरी मुलगाही देईल: मरण थांबेल, पेशी माजतील, एलपीआर उंदरासारख्या गाठी येतील. १९९८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अस्तर विनोतो यांच्या प्रयोगशाळेत जियांके झांग आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. पहिला धक्का असा, की फॅड नसलेली उंदराची पिले जन्मालाच आली नाहीत, गर्भातच मेली. मग त्यांनी फॅड नसलेल्या टी-पेशी दुसऱ्या उंदरांत वाढवून पाहिल्या. फासने त्या मरेनात, हे अपेक्षेप्रमाणे झाले. पण शत्रूची खूण दाखवून त्यांना जागे करायला गेले, तर त्या वाढेनात! गाठी सुजायच्या दूरच राहिल्या, फौजच उभी राहीना. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे आणि इतरत्रही, फॅडचे काम अडवून ठेवलेल्या उंदरांत असेच दिसले.

मरणाचा निरोप्या काढला, तर जगणेच अडले! हे कसे?

मागे वळून पाहता याची कुणकुण आधीच लागायला हवी होती. १९९३ साली सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी माणसाच्या टी-पेशींना जागे करताना त्याच वेळी फासची कडीही वाजवली होती, तेव्हा पेशी मरण्याऐवजी अधिक जोमाने वाढल्या होत्या. पण त्या कडीवर 'मृत्यू' असे नाव लिहिले जात होते. दारावर स्मशान अशी पाटी असली, म्हणजे आत पाळणा हलत असेल, असे कोणाच्या मनात येणार?

२००२ साली हा प्रश्न प्रयोगशाळेतून घरात आला. अमेरिकेतील मायकेल लेनार्डो यांच्या गटाला एका कुटुंबातली दोन भावंडे आढळली. त्यांच्या कॅस्पेज-८ मध्ये जन्मजात दोष होता. त्यांच्या ग्रंथी आणि पाणथरी सुजलेली होती, म्हणजे विरळणी नीट होत नव्हती. पण त्याच वेळी त्यांना छातीचे आणि नाकाच्या पोकळ्यांचे संसर्ग पुनःपुन्हा होत, नागिणीच्या घराण्यातल्या विषाणूचे फोड येत, आणि लस टोचली तरी शरीर तिला धड प्रतिसाद देत नसे. फौज आवरत नव्हती आणि फौज लढतही नव्हती. एकाच कात्रीच्या बिघाडाने दोन्ही टोके सुटली होती. कात्री केवळ मारण्यासाठी असती, तर असे झाले नसते.

मग वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे, कॅस्पेज-८ जागृतीचा निरोप पुढे नेते. ती नसली तर पेशी नीट जागीच होत नाही. २००५ साली याला काही पुरावा मिळाला. दुसरा पक्ष म्हणे, पेशी जागी होते, विभागूही लागते, पण वाटेतच मरते. आणि हे मरण पानगळीचे नसून वेगळेच आहे. हे वेगळे मरण काय, ते सांगायला हवे. २००० साली स्वित्झर्लंडमधील युर्ग चॉप यांच्या गटाने दाखवले होते, की कात्री चालू शकत नसतानाही फासची कडी टी-पेशीला मारू शकते, आणि त्यात 'रिप-१' नावाचे प्रथिन कामाला येते. २००५ साली हार्वर्डमधील जुनयिंग युआन यांच्या गटाने अशा मरणाला नेक्रॉप्टॉसिस हे नाव दिले आणि ते थांबवणारे रसायनही शोधले. पुढे रिप-३ हा जोडीदार कळला. रिप-१ आणि रिप-३ यांची साखळी जमली, की पेशीच्या आवरणाला भोके पडतात, ती फुटते आणि आतला ऐवज सांडतो. ही पानगळ नव्हे. हा वीज पडून झाड फाटण्याचा प्रकार.

शरीराने असे भयंकर मरण राखून का ठेवले असेल? त्यालाही कारण दिसते. काही विषाणू फार धूर्त असतात. गाईच्या देवीचा विषाणू पेशीत शिरला की पहिल्यांदा कॅस्पेज-८ चे तोंड बांधतो, म्हणजे पेशी शांतपणे मरून त्याचा डाव उधळणार नाही. राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबणारा चोरच तो! म्हणून पेशीत दुसरी घंटा बांधलेली आहे. राखणदार गप्प झाला, की ती आपोआप वाजते, पेशी फुटते आणि सारे गाव जागे होते. याचा अर्थ असा, की जोवर कॅस्पेज-८ थोडीथोडी चालू आहे, तोवर ती घंटा बंद राहते. कात्री रिप-१ आणि रिप-३ यांची साखळी कापत राहते. कात्री नाही, की घंटा वाजलीच.

२००८ साली कॅलिफोर्नियातून या दुसऱ्या पक्षाला बळ मिळाले. कॅस्पेज-८ नसलेल्या टी-पेशींना युआन यांच्या रसायनासारखे औषध दिले, तर त्या जगल्या आणि वाढल्या. निर्णायक साक्ष मिळाली ती २०११ साली, 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आलेल्या तीन निबंधांतून. कॅस्पेज-८ नसलेला उंदीर गर्भात मरतो. पण कॅस्पेज-८ आणि रिप-३ दोन्ही काढून टाकले, तर तो जन्मतो, वाढतो आणि त्याच्या टी-पेशी विषाणूशी लढतातही! एक अवयव काढला तर मरण, दोन काढले तर जीवन. तिसरा निबंध फॅडविषयी होता: फॅडबरोबर रिप-१ ही काढले, तर गर्भ तगतो आणि टी-पेशी पुन्हा वाढू लागतात. तो निबंध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आला, ते होते जियांके झांग. १९९८ साली ज्यांच्या हातून हे कोडे पडले होते तेच. तेरा वर्षे त्यांनी ते उशाशी घेऊन काढली.

आणि गंमत पाहा. कॅस्पेज-८ आणि रिप-३ दोन्ही नसलेले ते उंदीर मोठे झाले, तेव्हा त्यांच्या ग्रंथी सुजू लागल्या; हुबेहूब बार हार्बरच्या एलपीआर उंदरांसारख्या. १९९८ साली जे उत्तर अपेक्षित होते, ते अखेर आले. घंटेचे भय दूर केल्यावरच मूळची विरळणी बंद पडल्याचे दिसून आले.

आता सारी हकीकत तीन वाक्यांत सांगतो. कात्री पुरी उघडली, तर पेशीची पानगळ होते. कात्री फ्लिपच्या जोडीने, हलकेच, अर्धवट उघडी राहिली, तर पेशी जगते, वाढते आणि फौज उभी राहते. कात्री मुळीच उघडली नाही, तर पेशी फुटून मरते. म्हणजे टी-पेशीने जागे होऊन लढायचे, तर मरणाची ही यंत्रणा तिच्या आत मंद आचेवर चालू असावी लागते. माणसात कॅस्पेज-८ जागृतीच्या निरोपालाही हातभार लावते, असे मानायला काही पुरावा आहे. तेव्हा पहिला पक्षही सर्वस्वी चुकला असे नाही. एकच पाते कसायाच्या हातात मान कापते आणि सुईणीच्या हातात नाळ. पात्यावरून काम ठरत नाही; किती, कधी आणि कोणाच्या सोबतीने, यावरून ठरते.

२०१९-२० मध्ये या हकीकतीला आणखी एक पान जोडले गेले. काही कुटुंबांत लहानपणापासून वारंवार ताप येई आणि दर तापात गाठी सुजून दुखत. तपासात आढळले, की त्यांच्या रिप-१ मध्ये, जेथे कात्री चालायची नेमक्या त्याच ठिकाणी, बदल झालेला आहे. कात्री चांगली, पण दोराला अशी गाठ पडलेली की ती कापली जात नाही. वर्षानुवर्षांच्या तापाचे कारण एवढेसे निघाले, आणि कारण कळल्यावर इलाजाची दिशाही मिळाली.

श्रोतेहो, या साऱ्या गोष्टीत मला सर्वांत बोधप्रद वाटते ती नावाची गोष्ट. थायमसला स्मशान म्हटले, म्हणून तिच्यातली शाळा दिसेना. फासच्या घराण्याला मृत्युग्राही म्हटले, म्हणून त्याचे जीवनातले काम पाच वर्षे समोर असून कोणी मनावर घेतले नाही. नाव ठेवल्याशिवाय अभ्यास होत नाही हे खरे. पण नाव ठेवले की डोळे मिटतात, हेही तितकेच खरे. आपल्या शाळांतून आपण मुलांना व्याख्या पाठ करायला लावतो. व्याख्येबरोबर, 'आणि हे याखेरीज आणखी काय करीत असेल?' एवढा एक प्रश्न विचारायची सवय लावली, तर पुष्कळ झाले. आपल्याकडे यमराजाचे नाव घेतले की अंगावर काटा येतो. पण यम या शब्दाचा एक अर्थ आवर घालणे, लगाम खेचणे हाही आहे. संयम, नियम हे शब्द त्याच धातूचे. लगाम घोड्याला मारण्यासाठी नसतो. तो असतो म्हणूनच घोडा दौडवता येतो.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. काट्याचे अवधाण बहुधा आपोआप बसते. पण एखाद्या मुलाच्या मानेत किंवा काखेत गाठ आली आणि ती तीन-चार आठवड्यांतही जिरली नाही, वाढत गेली, किंवा सोबत ताप, वजन घटणे असे काही असले, तर गंडा-दोरा करीत बसू नका. लेप लावून वाट पाहू नका. मूल डॉक्टरांना दाखवा. आज सांगितलेले जन्मजात दोष फार विरळा. आपल्याकडे अशा गाठी पुष्कळदा क्षयाच्या असतात, आणि त्यावर खात्रीचा इलाज आहे.

आणि पुढच्या वेळी काटा काढल्यावर, जांघेतली गाठ हळूहळू बसू लागली, म्हणजे क्षणभर थांबून तिच्यावर हात ठेवा. तुमच्यासाठी लढून झालेली लाखो पेशींची फौज तेथे, कोणालाही त्रास न देता, पानासारखी गळून पडत असते.